कोर्टाची पायरी चढणारे वेडे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे आजोबा नातवाला सांगतात. नातू फौजेत जातो, काही वर्षांनी कमरेला पट्टा बांधून घरी येतो, तेव्हा त्याला पुन्हा तेच ऐकायला मिळतं. "सरकारशी कोणी भांडतं का? मिळतंय ते घे आणि शेतीकडे बघ." हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि व्यवहाराला धरून असतो. मला लिहायचं आहे ते हा सल्ला न मानणाऱ्यांविषयी. गावाने त्यांना वेड्यात काढलं, घरच्यांनी कपाळाला हात लावला, आणि तरी ते पायऱ्या चढत राहिले. मूर्खपणा हा शब्द मी इथे गौरवाने वापरणार आहे, कारण लोकांनी त्यांना दिलेला शब्द तोच आहे आणि त्यांनी तो खाली मान घालून नाही, डोक्यावर घेऊन मिरवला.

शहादा तालुक्यातल्या एका गावात एका आप्पांच्या घरी मी बसलो होतो. अंगणात मिरची वाळत होती आणि घरभर खकाणा होता. खोकत खोकत आप्पांनी खाटेखालची काळी ट्रंक ओढली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव अजून वाचता येतं. ट्रंकेत कापड दुकानाची पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि मेडिकल बोर्डाचे कागद. घड्यांवर कागद फाटला होता, त्यावर चिकटपट्टी लावलेली, आणि चिकटपट्टीही आता पिवळी पडलेली. बोर्डाच्या कागदावर एका रकान्यात इंग्रजी चार अक्षरं होती. ती जुळवून वाचली की 'नाना' होतं. त्या घरात तो कागद 'नानाचा कागद' म्हणूनच ओळखला जातो. आप्पांच्या बायकोने बरीच वर्षं असं धरून ठेवलं होतं की नाना नावाच्या कोणा साहेबाने यांची पेन्शन अडवली आहे.

नाना हा साहेब नाही. 'हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. सैनिक फौजेतून बाहेर पडताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि त्याला मुख्यतः तीन गोष्टी ठरवायच्या असतात. अपंगत्व किती टक्के? ते सेवेमुळे आलं का? सेवेमुळे नसेल आलं तर सेवेत वाढलं का? टक्के वीस किंवा जास्त असतील आणि पुढच्या दोनपैकी एका प्रश्नाला हो असेल, तर डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. दोन्हीला नाही असेल तर तो नाना.

आप्पा म्हणाले, "दुखनं मन्हं शे, पन फौजनं नही, आसं त्या म्हनतस." दुखणं माझं आहे, पण फौजेचं नाही, असं ते म्हणतात. एवढं बोलून त्यांनी कागद पुन्हा त्याच घडीवर दुमडले.

या एका वाक्यात सगळा वाद आला. कारण आप्पा फौजेत गेले तेव्हा त्यांना हे दुखणं नव्हतं, आणि हे फौजेनेच लिहून दिलेलं आहे. भरती पाहिलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. आजही शहादा-प्रकाशा भागात पहाटे रस्त्याने पोरं पळताना दिसतात, सोळाशे मीटरचं घड्याळ लावून. पळण्यात पास झालेल्याची छाती मोजतात, गुडघे जुळवून बघतात, कान, दात, डोळे, तळपाय बघतात. एक दात कमी म्हणून पोरं परत आलेली आहेत. इतकं पाहून जो घेतला, तो धडधाकट होता असं धरायचं की नाही?

नियमही तेच सांगत होता. सैनिकांच्या पेन्शनचे १९८२ चे हक्कनियम स्पष्ट होते. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुरावा देण्याचं ओझं सैनिकावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. चांगला, माणुसकीचा नियम. पण नियम पुस्तकात राहिला आणि कागदावर शिक्के पडत राहिले. आजार शांततेच्या ठाण्यावर असताना दिसला, म्हणून सेवेशी संबंध नाही. आजार शरीराच्या मूळ घडणीतलाच आहे, म्हणून सेवेशी संबंध नाही. कारण म्हणून एक ओळ, बहुतेकदा छापील वाटावी अशी.

इथे शहाणा माणूस थांबतो. त्याच्या थांबण्याला आधार आहे, कारण पुढच्या पायऱ्या मोजून पाहाव्यात. नकाराचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याला बेळगावहून, महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशातल्या सागरहून. पेन्शनचा हिशेब ठेवणारं मोठं कार्यालय प्रयागराजला, द्रौपदी घाटावर. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत, दिल्लीतल्या लष्करी मुख्यालयाच्या समितीकडे. ते फेटाळलं की दुसरं अपील, दुसऱ्या समितीकडे. तेही फेटाळलं की सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ पासून सुरू. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं पीठ मुंबईला. धडगावच्या डोंगरातून निघालेल्या माणसाने आधी नंदुरबार गाठायचं, मग सुरतमार्गे रेल्वेने मुंबई, आणि पुढची तारीख घेऊन त्याच वाटेने परत. त्याच्यावर उच्च न्यायालय. ती वाट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने जवळपास बंद झाली होती, मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती पुन्हा मोकळी केली. आणि सगळ्यात वर दिल्ली.

हे सगळं कशासाठी? अपंगत्व शंभर टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम अपंगत्वाचा भाग म्हणून मिळते. टक्के उतरले की रक्कम त्याच प्रमाणात उतरते. वीस टक्केवाल्याला पगाराच्या सहा टक्के. समजा पगार चाळीस हजार होता, तर महिन्याला दोन हजार चारशे रुपये. वकील, रेल्वे, झेरॉक्स, बुडालेली मजुरी असा हिशेब मांडला की व्यवहार तोट्याचाच दिसतो. गावचा शहाणा हाच हिशेब मांडतो आणि त्याची बेरीज चुकलेली नसते.

धर्मवीर सिंग या शिपायाने ही बेरीज मांडली नाही. हा सिग्नल्सचा माणूस १९८५ मध्ये भरती झाला. १९९४ मध्ये त्याला झटके येतात म्हणून फौजेतून काढलं. अपंगत्व वीस टक्के, कायमचं. बोर्डाने लिहिलं की आजार शरीराच्या घडणीतला आहे, सेवेशी संबंध नाही. तो हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात गेला. २००४ मध्ये एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं आणि २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. इथे शंभरातले नव्याण्णव जण घरी परतले असते. तो दिल्लीला गेला. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद का नव्हती याचं कारण बोर्डाने दिलेलं नाही, सैनिकावर पुराव्याचं ओझं टाकता येणार नाही, शंकेचा फायदा त्याचाच. म्हणजे १९८२ च्या नियमात जे आधीच छापलेलं होतं तेच. ते खरं करून घ्यायला एका शिपायाची एकोणीस वर्षं गेली, पगाराच्या सहा टक्क्यांसाठी.

मी याला मूर्खपणा म्हणतो आणि त्याच्यापुढे हात जोडतो. कारण त्या निकालानंतर देशातल्या कुठल्याही पीठापुढे नानाचा कागद आला की धर्मवीर सिंग हे नाव निघतं. २०१४ आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग आणि राजबीर सिंग यांच्या प्रकरणांत तीच रेघ आणखी ठळक ओढली. त्या रेघेवरून चालत किती घरांत पेन्शन आली असेल. त्या घरांपैकी बहुतेकांना धर्मवीर सिंग कोण हे माहीतही नसेल.

त्याच्या आधीचेही वेडे आहेत. एकेकाळी बोर्डाने सैनिकाला प्रत्यक्ष तपासून अपंगत्व मान्य केलं, तरी पेन्शन कार्यालयात बसलेला वैद्यकीय सल्लागार नुसती फाईल बघून ते कमी करत असे किंवा नाकारत असे. नाडी बघणारा एक आणि नकार लिहिणारा दुसरा. मोहिंदर सिंग या माजी सॅपरने हे कोर्टात नेलं आणि जानेवारी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याने माणूस पाहिलाच नाही त्याला ज्याने पाहिला त्याचं मत असं खोडता येत नाही. ही गोष्ट सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावं, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक वाद टक्क्यांचा होता. सरकारने २००१ मध्ये १९९६ पासून लागू होणारा निर्णय काढला की पन्नासपेक्षा कमी अपंगत्व असलेल्याचे टक्के पन्नास धरायचे, पन्नास ते पंच्याहत्तर असेल तर पंच्याहत्तर, त्याच्या वर असेल तर शंभर. डॉक्टरांच्या अंदाजात दोनपाच टक्के इकडेतिकडे होतात, त्याचा भुर्दंड सैनिकाला नको म्हणून. वर धरलेल्या चाळीस हजारांच्या पगारावर दोन हजार चारशेचे सहा हजार होतात. पण हा फायदा मुदतीआधी काढलेल्यांनाच, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना नाही, असं सरकारचं म्हणणं. म्हणजे मोडक्या गुडघ्याने ज्याने शेवटच्या दिवसापर्यंत नोकरी ओढली त्याला कमी. शेकडो जण न्यायाधिकरणात गेले, जिंकले. सरकार त्यांच्याविरुद्ध दिल्लीला गेलं आणि १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात ती अपिलं गठ्ठ्याने फेटाळली गेली.

इथे मला दुसऱ्या मूर्खपणाविषयी बोलावं लागेल, ज्याची स्तुती मी करू शकत नाही. कोर्टाची पायरी सैनिक एकटाच चढत नाही. तो जिंकला की त्याच्या मागोमाग सरकार चढतं, आणि सरकारला गाडीभाडं पडत नाही, मजुरी बुडत नाही, म्हातारपण येत नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना ही गोष्ट बोचली होती. त्यांनी जुलै २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे पाचशे पानांचा अहवाल आला, पंच्याहत्तर शिफारशींचा. जखमी आणि आजारी सैनिकांविरुद्धची अपिलं थांबवा, जी चालू आहेत ती मागे घ्या, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पर्रीकर मार्च २०१७ मध्ये गोव्याला परतले. अपिलं थांबली नाहीत.

डिसेंबर २०२४ मधलं प्रकरण विधवेचं होतं. नवरा जानेवारी २०१३ मध्ये काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर गस्तीवर असताना, गोठवणाऱ्या हवेत, श्वास अडकून गेला. हवामान इतकं खराब की हेलिकॉप्टर आणता आलं नाही, त्याला चालत खाली आणावं लागलं. न्यायाधिकरणाने तिला वाढीव कुटुंब निवृत्तीवेतन दिलं. सरकार तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने अपील फेटाळलं, तिला इथवर ओढायला नको होतं असं सांगितलं आणि सरकारने तिला पन्नास हजार रुपये खर्चापोटी द्यावेत असा हुकूम केला. याच ओकांच्या पीठाने एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग या सैनिकाला न्याय दिला. सियाचीनला असताना त्याला झटके सुरू झाले, १९८९ मध्ये फौजेतून काढलं, आणि २०२५ मध्ये पेन्शन मंजूर झाली. छत्तीस वर्षं. तेवढ्या काळात तरुण माणूस आजोबा होतो.

या पेन्शनचा गैरफायदा घेणारेही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बसून काम करताना वाढलेला रक्तदाब किंवा साखर दाखवून, निवृत्तीच्या तोंडावर बोर्ड करून घेणारे मोठ्या हुद्द्यांवरही निघतात अशी टीका झाली, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. त्यांत अपंगत्वाच्या भागाचं नावही बदललं. खोटा दावा पकडायलाच हवा. पण चाळणी इतकी बारीक करायची की धान्यही अडकून राहावं, आणि मग धान्यालाच दोष द्यायचा, हे मला पटत नाही. अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा शिपाई निवृत्तीच्या तोंडावर बोर्ड कसं करून घ्यायचं हे जाणत नाही. बोर्ड म्हणजे काय हेच त्याला बोर्डापुढे उभं केल्यावर कळतं.

दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून अस्तंब्याची यात्रा निघते. सातपुड्यातलं ते शिखर अश्वत्थाम्याचं. लोक रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा या रानात फिरतो, तेल मागतो, असं इथे सांगतात. त्याने झोपलेल्यांना मारलं होतं, म्हणून जखम त्याच्या वाट्याला आली. आमच्या आप्पांनी असं काही केलेलं नाही. त्यांनी फक्त पहारा दिला. तरी न भरणारी जखम त्यांच्याही नशिबी आली. पण याच डोंगरात आणखी एक सांगतात. यात्रेत कोणी वाट चुकला तर अश्वत्थामाच त्याला वाट दाखवतो. आप्पांच्या अंगणातून निघताना मला धर्मवीर सिंग आठवला, मोहिंदर सिंग आठवला.

आप्पांनी अपील केलं नव्हतं. शहाण्यांचं ऐकलं होतं. त्या शहाणपणाची किंमत मोजता येते. तरसेम सिंग नावाचा सैनिक १९८३ मध्ये आजारपणामुळे बाहेर पडला आणि १९९९ मध्ये कोर्टात गेला. ऑगस्ट २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही, मात्र थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे दार उघडं आहे, पण गप्प बसून घालवलेला प्रत्येक जादा महिना पाण्यात जातो.

म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुमच्या घरात, भाऊबंदकीत, शेजारी एखादी काळी ट्रंक असेल तर ती या आठवड्यात उघडा. बोर्डाचा कागद शोधा आणि त्यावर ती चार अक्षरं आहेत का बघा. नकाराचं पत्र आणि त्याची तारीख बघा. अपिलाची मुदत सहा महिन्यांची असते. ती टळली असेल तरी उशिराचं कारण लिहून अर्ज करा. अपील रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच पिशवीत ठेवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर उत्तराची वाट न बघता न्यायाधिकरणात जाता येतं. वकिलाच्या पैशांनी घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने आदिवासी, दलित, अपंग आणि कोणतीही स्त्री यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि नंदुरबार जिल्ह्यातले अनेक माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांतल्या कुठल्या ना कुठल्या ओळीत बसतात. सैनिकांच्या कुटुंबांसाठी अशा मदतीची वेगळी योजना जुलै २०२५ मध्ये कारगिल विजय दिनी सुरू झाली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

आप्पांचं अपील आम्ही त्याच खाटेवर बसून लिहिलं. दीड पान झालं. त्यांनी सही करायच्या आधी हुद्दा आणि नंबर लिहिला, ट्रंकेवर आहे तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पोस्टात गेले.